स्वयंसेवी सॉफ्टवेअर प्रकल्पांतली भांडणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी माणसं एकमेकांच्या अंगावर का धावून जातात, असं प्रकल्पात नव्याने आलेले लोक मला वरचेवर विचारतात. एका लहानशा मुक्त स्रोत (ज्याचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो अशा) प्रकल्पाचा मी बरीच वर्षं मेंटेनर, म्हणजे कोड सांभाळणारा, आहे. या काळात काही भांडणं विझवली, काही स्वतःच पेटवली. उत्तरं त्या जमाखर्चातूनच दिली आहेत.

म्हणजे मतभेदच टाळायचे का?

नाही. जिथे मतभेद नाहीत तो प्रकल्प बहुधा एकाच माणसाचा असतो, नाहीतर बाकीच्यांनी बोलणं सोडलेलं असतं. टाळायची ती हमरीतुमरी. ती ओळखायची माझी एक साधी खूण आहे. चर्चेतले शेवटचे पाच संदेश वाचायचे आणि त्यांत नवं काय आलं ते बघायचं: एखादी चाचणी, एखादं मोजमाप, कुणाच्या वापरात आलेली खरी अडचण. पाचांतल्या एकातही काही नवं नसेल, तर चर्चा आधीच संपलेली आहे आणि आता फक्त शेवटचा शब्द कुणाचा यावर ओढाताण चालू आहे. त्यात आवाज चढलेला असेलच असं नाही. ‘आपल्या मताचा पूर्ण आदर राखून’ अशी सुरुवात करून महिनाभर चाललेलं भांडण मी वाचलं आहे.

इतकी हुशार माणसं एवढ्यातेवढ्यावरून का भांडतात?

कारण एवढ्यातेवढ्यावर प्रत्येकाला मत असतं. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ मध्ये एक काल्पनिक समिती रंगवली होती. अणुभट्टीचा अवाढव्य खर्च ती काही मिनिटांत मंजूर करते, कारण अणुभट्टीतलं बहुतेकांना काही कळत नाही. सायकली ठेवायच्या शेडवर मात्र तिचा खल संपता संपत नाही. १९९९ मध्ये फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पात, ठरावीक सेकंद थांबायला लावणाऱ्या ‘स्लीप’ या कमांडला सेकंदाचे अपूर्णांक चालावेत की नाही, यावर असंच गुऱ्हाळ लागलं. तेव्हा त्याच प्रकल्पातल्या पॉल-हेनिंग काम्प यांनी वैतागून सगळ्यांना एक लांबलचक पत्र लिहिलं आणि पार्किन्सनच्या शेडची आठवण करून दिली. ‘शेडचा रंग’ हा प्रोग्रामरांच्या बोलीतला शब्दप्रयोग झाला तो तेव्हापासून.

पण एवढ्याने उत्तर पुरं होत नाही. शेडचे वाद नोकरीतही होतात, तिथे ते सहसा संध्याकाळपर्यंत मिटतात. कुणीतरी वरिष्ठ ‘हिरवा’ म्हणतो आणि लोक कुरकुरत कामाला लागतात. स्वयंसेवी प्रकल्पात ‘हिरवा’ कुणी म्हणायचं हेच अनेकदा ठरलेलं नसतं. मग ज्याला वेळ जास्त आणि झोप कमी, त्याचं चालतं. वाद माणसांच्या स्वभावामुळे पेटतात असं मलाही पूर्वी वाटायचं. आता एखादा वाद पेटला की मी आधी एवढंच बघतो: हा निर्णय नक्की कुणाचा आहे? दहातल्या आठ वेळा कुणालाच माहीत नसतं. (हे ‘दहातले आठ’ माझ्या अंदाजाने, कुठे मोजलेलं नाही.)

मी अगदी सरळ लिहिलं होतं. समोरच्याला झोंबलं कसं?

लिहिताना तुमच्या डोक्यात तुमचा स्वर चालू असतो. वाचणाऱ्याला तो ऐकू येत नाही. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात लोकांना ईमेलवर काही वाक्यं उपरोधाने आणि काही गंभीरपणे लिहायला सांगितलं होतं. आपला सूर साधारण ७८ टक्के वेळा कळेल असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो ५६ टक्क्यांच्या आसपास कळला, म्हणजे नाणं उडवून ठरवल्यापेक्षा थोडाच बरा. हसरा चेहरा जन्माला आला तोही याच अडचणीतून. कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरच्या चर्चेत कुणाची थट्टा कुणी खरी मानू लागलं, तेव्हा १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फॅलमन यांनी सुचवलं की विनोदापुढे विसर्गचिन्ह, आडवी रेघ आणि कंस घालत जा.

त्यात बरेच जण परक्या भाषेत लिहीत असतात. परक्या भाषेत शब्द लवकर येतात, मार्दव उशिरा येतं. ‘हे बदला’ एवढंच लिहिणारा माणूस हुकूम सोडत असेलच असं नाही, कदाचित त्या भाषेतली आर्जवाची क्रियापदं त्याच्याजवळ अजून आलेली नसतील. त्यामुळे एका वाक्याचे दोन अर्थ निघत असतील तर त्यातला बरा अर्थ धरून उत्तर द्यावं. अंदाज चुकला तरी फारसं बिघडत नाही. वाईट अर्थ धरला आणि तो चुकला, तर पुढचे चार दिवस निस्तरत बसावं लागतं.

उत्तर लिहून तयार आहे. पाठवू का?

रात्री अकरानंतर लिहिलं असेल तर नको.

थट्टा सोडा, पण १९९५ मध्ये इंटरनेटवरच्या शिष्टाचाराबद्दल ‘आरएफसी १८५५’ नावाचा दस्तऐवज निघाला होता, त्यातही भावनेच्या भरातलं उत्तर रात्रभर थांबवून ठेवा असा सल्ला आहे. तीसेक वर्षांत यापेक्षा चांगला उपाय माझ्या पाहण्यात आलेला नाही. माझ्या संगणकावर ‘न पाठवलेली’ नावाची एक फाइल आहे. चिडून लिहिलेलं सगळं तिथे जातं, पत्ता न घालता, म्हणजे चुकूनही सुटत नाही. सकाळी वाचलं की त्यातलं एखादंच वाक्य कामाचं निघतं, तेवढं पाठवतो. बाकीचं वाचून कान लाल होतात.

तरीही उत्तर द्यायचंच असेल तर कसं लिहावं?

समोरच्याच्या संदेशाच्या एकेका ओळीखाली उत्तर देऊ नका. तांत्रिक तपशिलांसाठी ती पद्धत चांगली आहे, पण वादात ती उलटतपासणीसारखी वाटते. बारा ओळींना बारा उत्तरं दिली की त्याला बारा ठिकाणी बचाव करावा लागतो आणि मूळ मुद्दा तेराव्या ठिकाणी राहून जातो. त्याचा मुद्दा आधी तुमच्या शब्दांत एका वाक्यात मांडा: ‘जुन्या आवृत्तीवरच्या लोकांच्या फाइली उघडणार नाहीत, ही तुमची काळजी आहे, बरोबर?’ निम्म्या वेळा तो म्हणेल, नाही, मी वेगळंच म्हणत होतो. म्हणजे तुम्ही दोघं आतापर्यंत साप समजून भुई धोपटत होतात.

काही शब्द मी यादी करून सोडले आहेत. ‘फक्त’ हा पहिला. ‘यात फक्त एक अट घालायची आहे’ या वाक्याचा अर्थ वाचणाऱ्याला ‘एवढंही सुचलं नाही का?’ असा लागतो. ‘उघड आहे’, ‘साधं आहे’, ‘आधीच सांगितलं होतं’ ही त्याचीच भावंडं. आणि माणसाला कर्ता करू नका, कोडला करा. ‘तुम्ही इथे गोंधळ घातला आहे’ याऐवजी ‘यादी रिकामी असेल तर हे फंक्शन कोसळतं, ही बघा चाचणी’. दुसरं वाक्य लिहायला जास्त कष्ट पडतात, कारण आधी ती चाचणी लिहावी लागते. लिहिता लिहिता कधी आपणच चुकत होतो हेही कळतं. माझं दोनदा झालंय.

समोरचा सरळसरळ चुकीचं बोलतोय. दुरुस्त करायचं नाही?

चुकीमुळे निर्णय बदलत असेल तर जरूर करा. नसेल तर सोडून द्या. रिकर्स सेंटर या प्रोग्रामरांच्या स्वयंशिक्षणाच्या उपक्रमात काही सामाजिक नियम आहेत. त्यातल्या एकानुसार मूळ विषयाशी संबंध नसलेली बारीक दुरुस्ती मध्येच घुसवायची नाही. दुसऱ्यानुसार ‘काय! तुम्हाला हे माहीत नाही?’ असं खोटं आश्चर्य दाखवायचं नाही. पहिल्याला आपल्याकडे खुसपट काढणं म्हणतात.

नवख्याचा पॅच (कोडमध्ये सुचवलेला बदल) नाकारायचा आहे. न दुखावता कसा नाकारू?

लवकर नाकारा. सहा महिने भिजत घोंगडं ठेवून मग नाही म्हणणं हे कठोर शब्दांपेक्षा जास्त लागतं, कारण त्या सहा महिन्यांत तो माणूस रोज डोकावून जात असतो. कारण एकच द्या आणि खरं द्या. ‘ही सोय आम्हाला सांभाळायला जमणार नाही’ हे खरं कारण असेल तर चल-अक्षरांच्या (व्हेरिएबलच्या) नावांवरून चार खोट्या दुरुस्त्या सुचवू नका. तो बिचारा त्या चारही करून आणेल, आणि मग काय सांगाल? शेवटी, त्या कामातलं काय उपयोगी होतं ते सांगा, पण खरोखर असेल तरच. खोटं कौतुक लोकांना लगेच ओळखू येतं.

कोडच्या मांडणीवरून दर महिन्याला भांडण होतं. काय करावं?

ते काम यंत्राला द्या. कोड आपोआप एकसारखा मांडणारी साधनं असतात: गो या प्रोग्रामिंग भाषेने ‘गोएफएमटी’ दिलं, पायथन भाषावाल्यांना २०१८ पासून ‘ब्लॅक’ मिळालं. साधन जे देईल ते मान्य, विषय संपला. ओळीच्या सुरुवातीला टॅब की स्पेस यावर तुमचं मत काय ते मला सांगू नका, माझंही आहे.

दुसऱ्या दोघांचं जुंपलं आहे. मध्ये पडू का?

चव्हाट्यावर पडू नका. खासगीत, ज्याच्याशी तुमची बरी ओळख आहे त्याला लिहा. २९ जानेवारी १९९२ रोजी संगणकशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी ‘लिनक्स कालबाह्य आहे’ असं जाहीर लिहिलं, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हल्ड्स यांनी चांगलंच तडकून उत्तर दिलं. तो वाद आजही वाचला जातो. त्यातला मला आवडणारा भाग कमी लोकांना आठवतो: कुणीतरी टॉरव्हल्ड्सना खासगी पत्र पाठवून ‘असं करत नसतात’ असं मित्रत्वाने सांगितलं. त्यांनी लगेचच जाहीर माफी मागितली, आपण जरा जास्तच तापलो असं कबूल केलं आणि त्या पत्रलेखकाचे आभारही मानले. तीच समज सगळ्यांसमोर दिली असती तर दुसरा वाद सुरू झाला असता, असं मला वाटतं.

जाहीरपणे काही करायचंच असेल तर बाजू न घेता कामाचं बोला. ‘इथे दोन प्रश्न एकत्र झालेत. पहिला सुरक्षेचा आहे, तो वेगळा काढतो’ एवढ्यानेही वाफ जाते. आणि भांडणाऱ्या दोघांपेक्षा न बोलता वाचणाऱ्या माणसांचा विचार करा. आपला पहिला पॅच पाठवायच्या बेतात असलेली एखादी व्यक्ती ते सगळं वाचत असते. ती तक्रार करत नाही, निषेध नोंदवत नाही, खिडकी बंद करते. कुणाला गमावलं ते प्रकल्पाला कधीच कळत नाही.

चर्चा संपतच नाही. निर्णय घ्यायचा कसा?

ते चर्चा सुरू होण्याआधी ठरवायचं. वाद पेटल्यावर नियम करायला बसलात तर नियमावरही तोच वाद होतो.

वेगवेगळ्या प्रकल्पांनी याची वेगवेगळी उत्तरं शोधली आहेत. अपाची या मुक्त स्रोत संस्थेत प्रस्ताव मांडून साधारण ७२ तास थांबतात आणि कुणी हरकत घेतली नाही तर संमती गृहीत धरतात. कोडच्या बदलावर ‘उणे एक’ असं मत दिलं की तो बदल अडतो, पण सोबत तांत्रिक कारण द्यावं लागतं. कारण नसेल तर ते मत धरत नाहीत. ‘मला पटत नाही’ आणि ‘हे चालणार नाही’ यांतला फरक त्या नियमातच बसवलेला आहे. इंटरनेटचे मानक ठरवणारी आयईटीएफ मतदान टाळते आणि ढोबळ सहमतीवर चालते. २०१४ च्या ‘आरएफसी ७२८२’ मध्ये ती कल्पना नीट उलगडली आहे: प्रत्येक हरकतीचा विचार झाला पाहिजे, प्रत्येक हरकत मान्य झालीच पाहिजे असं नाही. माझ्या मते हे वाक्य प्रकल्पाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं. बहुतेक माणसांना हरल्याचं तितकं दुःख नसतं, आपलं ऐकलंच नाही याचं असतं.

ठरलेला माणूस असला तरी त्यालाही मर्यादा असतात. पायथनमध्ये अंतिम शब्द भाषेचे जनक ग्विडो व्हॅन रोसम यांचा होता. ‘पेप ५७२’ हा, पदावलीच्या (एक्स्प्रेशनच्या) आतच चल-अक्षराला किंमत देण्याच्या चिन्हाचा प्रस्ताव त्यांनी मान्य केला, पण त्यावर इतकी कटुता झाली की १२ जुलै २०१८ रोजी त्यांनी ते पदच सोडलं. त्यांची जागा पाच जणांच्या निवडून आलेल्या मंडळाने घेतली. ज्या चिन्हावरून हे घडलं ते पुढच्याच वर्षी पायथन ३.८ मध्ये आलं आणि लोक ते वापरतात. डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या प्रणालीचं उदाहरण उलट बाजूचं आहे. तिथे घटना आहे, तांत्रिक समिती आहे, सर्वसाधारण मतदान आहे. तरीही संगणक सुरू होताना बाकीच्या सेवा चालू करणाऱ्या ‘सिस्टमडी’वरून फेब्रुवारी २०१४ मध्ये समितीत चार विरुद्ध चार अशी फूट पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने निकाल लागला. नियम असले की कटुता होत नाही असं म्हणता येणार नाही. पण निकाल लागतो, आणि दुसऱ्या दिवशी लोकांना काम करता येतं.

लहान प्रकल्पाला एवढा पसारा नको. आमच्याकडे एका फाइलीत तीन ओळी आहेत: कुठल्या भागाचा निर्णय कुणाचा, हरकतीला किती दिवस, आणि झालेला निर्णय पुन्हा कधी उघडायचा. तिसरी ओळ आम्ही सगळ्यांत उशिरा घातली आणि तीच सगळ्यांत जास्त वापरली जाते. नवी माहिती आली तरच उघडायचा. तोच मुद्दा मोठ्या आवाजात आला तर नाही.

सडेतोड बोलल्याशिवाय दर्जा राहत नाही, असं म्हणतात ना?

म्हणतात, आणि पुरावा म्हणून लिनक्सच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नेलकडे, बोट दाखवतात. मग पुढची गोष्टही सांगावी. सप्टेंबर २०१८ मध्ये टॉरव्हल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल माफी मागितली, काही आठवडे बाजूला झाले, त्याच सुमारास कर्नेलने आचारसंहिता स्वीकारली. ४.१९ ही आवृत्ती ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी पूर्ण केली आणि ऑक्टोबरमध्ये टॉरव्हल्ड्स परतले. कर्नेल काही कोसळलं नाही. ‘हा पॅच घेणार नाही, कारण लॉक उलट्या क्रमाने घेतला आहे’ हे वाक्य पुरेसं सडेतोड आहे. त्यात लिहिणाऱ्याची अक्कल काढल्याने लॉकचा क्रम सुधारत नाही.

आचारसंहितेचा खरंच उपयोग होतो का?

राबवणारी माणसं असतील तर होतो. २०१४ मध्ये कोरलाइन एडा एमकी यांनी लिहिलेला ‘कंट्रिब्युटर कोव्हनंट’ हा आचारसंहितेचा तयार नमुना असंख्य प्रकल्पांनी आपापल्या कोडशेजारी चिकटवला. कित्येक ठिकाणी तक्रारीच्या पत्त्याची जागाही रिकामीच राहिली. तक्रार कुणाकडे करायची, ती व्यक्ती स्वतःच तक्रारीचा विषय असेल तर काय, हे आधी ठरवा. नोव्हेंबर २०२१ मध्ये रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या मॉडरेशन गटाने, म्हणजे चर्चेतल्या वागण्यावर लक्ष ठेवणाऱ्यांनी, सामूहिक राजीनामा दिला. प्रकल्प चालवणाऱ्या ‘कोअर’ गटाला कुणीच जाब विचारू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

वापरणारे लोक येऊन मेंटेनरवर तोंडसुख घेतात. त्यांना काय सांगायचं?

थोडक्यात सांगायचं आणि बचाव करत बसायचं नाही. ‘सध्या वेळ नाही, पॅच पाठवलात तर बघेन’ हे पूर्ण उत्तर आहे.

या दडपणाला मी हल्ली फक्त उद्धटपणा समजत नाही. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या कॉम्प्रेशन साधनात घुसखोरीसाठी लपवलेलं मागचं दार उघडकीला आलं. लॉग-इनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा पिच्छा पुरवताना अँड्रेस फ्रॉइंड यांना ते सापडलं. मागे जाऊन पाहिल्यावर लोकांना दिसलं की २०२२ मध्ये काही अनोळखी खात्यांनी थकलेल्या मेंटेनरवर ‘काम हळू चाललंय, दुसऱ्या कुणाला अधिकार द्या’ असा तगादा लावला होता. अधिकार मिळालेल्या नव्या माणसानेच पुढे ते दार बसवलं. ती तगाद्याची खाती बनावट होती असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. तेव्हा कुणी मेंटेनरला टोचून बोलत असेल आणि तुम्ही जवळपास असाल, तर ‘हे काम ते फुकट करतात’ एवढी एक ओळ लिहा. स्वतः मेंटेनरने ती लिहिली तर रडगाणं वाटतं, दुसऱ्याने लिहिली की वजन येतं.

मीच भडकलो होतो. आता काय?

जिथे बोललात तिथेच माफी मागा. जाहीर टोमण्याची खासगी माफी अर्धवट असते. दोन ओळी पुरेत, आणि त्यांत ‘पण’ नको. मी एकदा एका नव्या सहकाऱ्याला ‘आधी दस्तऐवज वाचा’ असं फटकारलं. नंतर लक्षात आलं की तो भाग दस्तऐवजात नव्हताच, लिहायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते वर्षभर टाळलं होतं. माफी मागितली, भाग लिहिला, त्याला तपासायला दिला. त्याने त्यात सात चुका काढल्या. तो अजून प्रकल्पात आहे.

काहीच जमलं नाही तर? सोडून जावं की फोर्क करावा, म्हणजे तोच कोड घेऊन वेगळा प्रकल्प काढावा?

दोन्ही रास्त आहेत. मुक्त परवान्याने तो हक्कच दिलेला आहे, त्याला गद्दारी म्हणू नये. सिस्टमडी नको असलेल्यांनी २०१४ च्या शेवटी डेबियनपासून वेगळं डेव्हुआन काढलं आणि ते आजही आपल्या वाटेने चालू आहे. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडपासून डिसेंबर २०१४ मध्ये फुटलेलं ‘आयओ डॉट जेएस’ कारभाराची नवी पद्धत घेऊन वर्षाच्या आत मूळ प्रकल्पात परत मिसळलं, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये नोड ४.० एकत्र आलं. तेव्हा जाताना दार आपटू नका. निरोपाचं पाच पानी पत्र लिहायचा मोह होईल, ते ‘न पाठवलेली’त टाका. त्याऐवजी अर्धवट राहिलेल्या पॅचची यादी, तुमच्या एकट्याकडे असलेले पासवर्ड आणि सर्व्हरचं बिल कुठल्या तारखेला भरावं लागतं, एवढं मागच्यांच्या हाती देऊन जा.